ही पिशवी कुणाची?

माझ्या लॅपटॉपवर ‘गर्भाशय_फायनल_३’ नावाची एक फाइल आहे. फिकट गुलाबी रंगाचं गर्भाशय, दोन्ही बाजूंना देठासारख्या वळलेल्या नळ्या, नळ्यांच्या टोकांना दोन गोळे, आणि मधोमध दोन डोळे आणि एक हसू. हो, हसू. ते मी काढलंय.

मी चित्रकार नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली, दिवसभर कोड लिहिणारी मुलगी आहे. पुण्यात बायकांना आरोग्याबद्दल शिकवण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेला एक छोटं ॲप आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची कार्डं हवी होती. त्यांचा डिझायनर मधेच सोडून गेला, आणि मला फिग्मा वापरता येतं हे माझ्या मैत्रिणीनं तिथे सांगून टाकलं. शनिवार-रविवारचं काम म्हणून मी हो म्हटलं. संस्थेची अट एकच होती: बघून भीती वाटू नये, किळस वाटू नये, ‘फ्रेंडली’ वाटावं. म्हणून हसू.

कार्डं बारा होती. पाळी म्हणजे काय, अंगावरून पांढरं जाणं कधी साधं आणि कधी नाही, रक्तस्राव जास्त होतोय हे कसं ओळखायचं वगैरे. बारावं कार्ड होतं ‘पिशवी काढण्याआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न’. बाराही कार्डांच्या कोपऱ्यात माझं हसणारं गर्भाशय.

पहिली चाचणी मी घरच्याच माणसावर केली. माझी मावशी केज तालुक्यात राहते, शिवणकाम करते, आणि व्हॉट्सॲपवर माझ्यापेक्षा जास्त वेळ असते. कार्डं पाठवली, निळ्या टिका आल्या, आणि दोन मिनिटांत तिचा फोन.

‘ही पिशवी कुणाची गं?’

मला वाटलं तिला चित्र कळलं नाही. म्हटलं, ‘कुणाची म्हणजे? कुणाचीही. सगळ्यांची असते तशी.’

‘माझी न्हाई. माझी काढलीय,’ ती म्हणाली, हसली, आणि भाचीच्या लग्नातल्या ब्लाउजांविषयी बोलायला लागली.

मी चार-पाच वर्षं स्क्रीनवर बटणं कुठे असावीत याचाच विचार करत आले आहे. वापरणारी व्यक्ती जो प्रश्न विचारते तो बहुतेक वेळा तिच्या अडाणीपणाचा नसतो, आपल्या डिझाइनमधल्या दोषाचा असतो, हे आम्हाला पहिल्या नोकरीतच शिकवतात. मावशीच्या प्रश्नातला दोष सापडायला मला बरेच महिने लागले. तो माझ्या एकटीच्या चित्रातला दोष नव्हता.

मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ३३ वर्षांची होती आणि मी सातवीत होते. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखायचं. एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. तो तक्ता तिला अजून आठवतो: ‘बोकडाचं तोंड असल्यावानी. दोन शिंगं, खाली मान.’ डॉक्टरांनी पेन त्या तक्त्यावर टेकवलं, गोल फिरवलं आणि सांगितलं की हे खराब झालंय, दोन लेकरं झालीत ना, आता ह्याचं काम काय. आठवडाभरानं ऑपरेशन. गाय विकली होती त्यासाठी, हे मला आईकडून कळलं.

पुढे नोकरीला लागल्यावर मी एकदा तिची जुनी कागदपत्रं लावत होते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढलेत. मावशीला ते माहीतच नव्हतं. तिशीत अचानक अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप गेली, कंबर-गुडघे धरले, हे सगळं तिनं ‘ऑपरेशननं अशक्तपणा आला’ म्हणून सोसलं होतं. खरं तर बीजांडकोश काढले की शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम खाली येतं आणि पाळी जाण्याच्या वयातले सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात. हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो.

आता त्या तक्त्याकडे बघा. म्हणजे आपण सगळ्यांनी पाहिलाय तो, दहावीच्या विज्ञानातसुद्धा थोड्याफार फरकानं तोच आहे. गर्भाशय, नळ्या, बीजांडकोश हे सगळं एका रेषेनं जोडलेलं, बहुतेक वेळा एकाच गुलाबी रंगाचं. पेननं एक गोल काढला की सगळं त्यात येतं. त्या चित्रात बीजांडकोश हा वेगळं काम करणारा, वेगळा ठेवता येणारा अवयव आहे असं डोळ्यांना कुठेच सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी सांगायला हवं होतं हे तर झालंच. पण चित्रानंही सांगितलं नाही. आणि माझ्या फाइलमध्ये? गर्भाशयाचा आणि बीजांडकोशांचा रंगाचा कोड एकच. मी तपासून पाहिला. एकाच शेपमध्ये जोडून टाकलं होतं मी ते, फाइल हलकी व्हावी म्हणून.

त्या तक्त्यात आणखी एक गंमत आहे. शरीरात गर्भाशय असं हात पसरून उभं नसतंच. ते साधारण मुठीएवढं असतं, बहुतेक बायकांमध्ये पुढे कललेलं, लघवीच्या पिशवीवर ओणवल्यासारखं. मागे गुदाशय. वर आतडी. बाजूंनी बंधनं. नळ्या आणि बीजांडकोश मागे-खाली वळलेले असतात. तक्त्यातलं चित्र हे सगळं बाजूला सारून, सपाट करून, टाचण्यांनी ठोकलेल्या फुलपाखरासारखं मांडलेलं असतं. विद्यार्थ्यांना भाग ओळखायला ते सोयीचं आहे, परीक्षेत नावं द्यायला तर फारच. पण ते चित्र शवविच्छेदनाच्या टेबलावरून आलंय. पुस्तकातून ते दवाखान्याच्या भिंतीवर आलं, भिंतीवरून संस्थांच्या पोस्टरवर, पोस्टरवरून आयकॉन होऊन फोनमध्ये. प्रत्येक टप्प्यावर ते जास्त गोड होत गेलं आणि बाईपासून जास्त लांब.

मराठीत आपण गर्भाशयाला पिशवी म्हणतो. शब्द वाईट नाही. घरगुती आहे, लाज न वाटता उच्चारता येतो. पण पिशवीचं काम सामान ठेवणं. सामान आणून झालं की पिशवी रिकामी, आणि रिकामी पिशवी फाटली तर कोण शिवत बसतं? (मावशी शिवते, पण ती वेगळी गोष्ट.) लघवीच्या पिशवीलाही आपण पिशवीच म्हणतो, ती काढून टाका असं मात्र कुणी सुचवत नाही. शब्द आणि चित्र एकमेकांना मदत करतात. हवेत तरंगणारी, कुणाचीच नसलेली वस्तू समोर धरली की ती काढून टाकणं हा अगदी साधा निष्कर्ष वाटतो. चित्रात ती आधीच काढलेली असते.

बीड जिल्ह्याचं नाव यासाठी देशभर झालं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागची कारणं डिझाइनची नाहीत. कोयत्याची उचल, एक दिवस खाडा झाला तर दंड, फडात संडास-पाणी नाही, कर्करोगाची भीती घालणारे दवाखाने. मला माझ्या आयकॉनचं महत्त्व वाढवून सांगायचं नाही. पण त्या प्रत्येक बाईला ऑपरेशनच्या आधी कुणीतरी काहीतरी दाखवलं असेल ना? एखादा तक्ता, सोनोग्राफीचा कागद, पॅम्फ्लेट. त्या एका क्षणापुरतं चित्र हे हत्यार असतं, आणि ते कुणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न उरतो.

ज्या संस्थेचं काम मी करत होते तिथल्या एका जुन्या प्रशिक्षक ताईंना मी मावशीचा प्रश्न सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. कपाट उघडून त्यांनी एक झेरॉक्स काढली. तीही झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण रेघा पार फुटल्या होत्या. ‘हे बघ,’ म्हणाल्या. पुस्तकाचं नाव ‘शरीर की जानकारी’.

हे हिंदी पुस्तक १९८९ मध्ये दिल्लीच्या ‘काली फॉर विमेन’नं छापलं. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ही प्रकाशनसंस्था. पण पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही. राजस्थानात त्याच वर्षी सरकारी महिला विकास कार्यक्रम सुरू झाला होता. गावागावांत ‘साथिन’ नेमल्या गेल्या होत्या (भंवरीदेवी याच कार्यक्रमातल्या साथिन, विशाखा निकालामुळे ते नाव आपल्याला माहीत असतं). त्या कार्यक्रमातल्या आरोग्य शिबिरांमधून गावातल्या बायकांनी हे पुस्तक हातानं तयार केलं. लेखिका ७५ च्या आसपास. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

त्याची गोष्ट बुटालिया यांनी अनेकदा सांगितली आहे. बायकांनी पहिली प्रत तयार केली तेव्हा त्यात शरीर समजावून सांगायला नागड्या बाईचं चित्र होतं. प्रत गावात फिरवली तर लोक म्हणाले, हे खोटं आहे. आमच्या गावात अशी बाई कधी दिसत नाही. बायका परत बसल्या आणि त्यांनी चित्र बदललं. नव्या चित्रात बाई पूर्ण कपड्यांत आहे. घागरा वेगळ्या कागदाचा. तो उचलला की खाली शरीर.

झेरॉक्समध्ये अर्थातच उचलता येणारा कागद येत नाही. त्या प्रतीत कुणीतरी घागऱ्याचा आकार वेगळ्या कागदावर कापून वरच्या कडेला डिंकानं चिकटवला होता. मी तो उचलला. सोडला. परत उचलला.

सांगते, मला त्यात काय दिसलं.

पहिलं म्हणजे, लोकांचा आक्षेप ऐकून आजची कुठलीही टीम दोनपैकी एक गोष्ट करेल. एक, ‘लोक मागासलेले आहेत, त्यांना सवय होईल’ म्हणून चित्र तसंच ठेवेल. दोन, ‘संवेदनशील विषय आहे’ म्हणून शरीर काढून टाकेल आणि जागी कमळ किंवा फुलपाखरू किंवा हसणारा आयकॉन बसवेल. त्या ७५ जणींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी ‘हे खोटं आहे’ हा शब्द जसाच्या तसा घेतला. आक्षेप लाजेचा असेलही, पण तक्रार मांडली होती खरेपणाची. मग त्यांनी चित्र जास्त खरं केलं. बाई गावात जशी दिसते तशी बाहेर, शरीर जसं असतं तसं आत. लपवलं काहीच नाही. काहीच वगळलं नाही. फक्त क्रम लावला.

दुसरं, उचलणारा हात वाचणारीचा आहे. तक्त्यासमोर बाई बसलेली असते आणि पेन दुसऱ्याच्या हातात असतं. इथे कधी उचलायचं, किती उचलायचं, किती वेळ धरून ठेवायचं, हे ती ठरवते. आमच्या भाषेत याला इंटरॅक्शन म्हणतात आणि आम्हाला वाटतं ते आम्ही शोधलं.

तिसरी गोष्ट कळायला मला वेळ लागला. कागद सोडला की आपोआप खाली येतो. म्हणजे पुस्तक उघडं पडलं, सासरे खोलीत आले, लेकरू हात मारायला आलं, तर काही करावं लागत नाही. हात काढला की बाई पुन्हा कपड्यांत. आम्ही ॲपमध्ये पिन टाकतो, लॉक टाकतो, ‘तुमची माहिती सुरक्षित आहे’ असं पान लिहितो. इथे गुरुत्वाकर्षणानं ते काम केलंय.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं: त्या पुस्तकात आतलं शरीर दिसण्याआधी एक बाई दिसते. ती वाटेत येते. तिला ओलांडून, म्हणजे तिचा घागरा उचलूनच, आत जावं लागतं. मावशीनं हे चित्र पाहून ‘हे कुणाचं’ असं विचारलं नसतं. उत्तर पानावरच आहे.

पुस्तक छापायला देताना त्या बायकांनी प्रकाशकांना अटी घातल्या होत्या. सगळ्यांची नावं यायला हवीत, आणि गावातल्या बाईला पुस्तक नफा न घेता विकायचं. मला यातही डिझाइनच दिसतं. ‘कुणाचं’ हा प्रश्न त्यांनी चित्रापुरता ठेवला नाही, मालकीपर्यंत नेला.

पुस्तकानं ऑपरेशनं थांबली का? नाही. त्याच राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाला राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगावं लागलं. एका पुस्तकाकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं होईल. तरी हे नमूद करायला हवं, नाहीतर मी त्या घागऱ्याच्या प्रेमात पडून आंधळी झाले असं होईल.

ती झेरॉक्स पाहिल्यानंतर मी आपल्याकडची जुनी चित्रं या नजरेनं बघायला लागले. लाल त्रिकोण आठवतो? आमच्या पिढीनं तो जुन्या दवाखान्यांच्या भिंतींवर, अर्धवट पुसलेला पाहिलाय. १९६० च्या दशकात कुटुंब नियोजनासाठी आलेलं ते चिन्ह, आणि सोबत आईवडील, मुलगा, मुलगी असे चार चेहरे. खूण म्हणून तो अफलातून होता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लांबून कळावं की इथे ‘ती’ सोय आहे. पण त्या चेहऱ्यांना गळ्याखाली काही नाही. सरकारला बायकांच्या शरीराविषयीच बोलायचं होतं आणि चित्रात शरीरच नव्हतं. आज उलट झालंय. संस्थांच्या कार्डांवर आता साड्या नेसलेल्या, सपाट रंगांच्या बायका असतात आणि त्यांना नाक-डोळेच नसतात. ही जगभरची फॅशन आहे, तयार चित्रं विकत मिळतात, मीसुद्धा वापरली. कारण असं देतात की चेहरा नसला की कुणीही स्वतःला तिथे पाहू शकतं. मावशीची प्रतिक्रिया: ‘हिला तोंड का न्हाई? हिला दुखतंय का बरं वाटतंय, कसं कळावं?’

र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ दुसऱ्या टोकाला. १९२७ ते १९५३, एकहाती चालवलेलं मासिक, मुखपृष्ठावर नग्न स्त्री. कर्व्यांबद्दल मला अपार आदर आहे. अश्लीलतेचे खटले त्यांनी अंगावर घेतले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण ते मुखपृष्ठ बाईला तिचं शरीर समजावून सांगायला नव्हतंच. ते समाजाशी भांडायला होतं. नग्नतेत अश्लील काही नाही, हे विधान होतं ते. भांडण योग्य होतं. तरी त्या चित्रातली बाई वाचकाकडे बघते की वाचक तिच्याकडे, याचा विचार केला तर ‘शरीर की जानकारी’तल्या बायका कर्व्यांच्याही एक पाऊल पुढे गेल्या असं मला वाटतं. यावर भांडायची माझी तयारी आहे.

अमेरिकेत बोस्टनच्या बायकांनी १९७० मध्ये न्यूजप्रिंटवर स्टेपल मारून काढलेली पुस्तिका पुढे ‘अवर बॉडीज, अवरसेल्व्ह्ज’ या नावानं जगभर गेली. तिचा जोर साध्या, ओळखीच्या दिसणाऱ्या बायकांच्या फोटोंवर आणि स्वतः आरसा घेऊन बघण्यावर होता. कॅलिफोर्नियातल्या हेस्पेरियननं १९९७ मध्ये काढलेल्या ‘व्हेअर विमेन हॅव नो डॉक्टर’मध्ये नुसती रेषाचित्रं आहेत. मला आधी ती कंटाळवाणी वाटली होती. आता कळतं की रेघ झेरॉक्समधून जगते. माझा फिकट गुलाबी ग्रेडियंट गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेला की करड्या डागाशिवाय काही उरत नाही.

‘मेन्स्ट्रुपीडिया’ कॉमिकबद्दल माझं मत मिश्र आहे. अदिती गुप्ता आणि तुहिन पॉल यांनी लोकवर्गणीतून २०१४ मध्ये काढलेलं हे कॉमिक (ही संस्था नाही, कंपनी आहे, पण शाळांतून आणि संस्थांतून भरपूर वापरलं जातं). पिंकी, जिया, मीरा आणि त्यांना समजावून सांगणारी प्रिया दीदी. त्यातल्या मुलींना चेहरे आहेत, स्वभाव आहेत, प्रश्न आहेत, आणि दहा वर्षांची मुलगी ते एकटी बसून वाचू शकते. हे फार मोठं काम आहे, मला त्या वयात ते मिळालं असतं तर दोन वर्षांची भीती वाचली असती. पण ज्ञान तिथे दीदीकडून येतं. नीटनेटक्या घरात, जाणकार मोठ्या बहिणीच्या तोंडून. राजस्थानच्या पुस्तकात दीदी नाही.

आणि थेंब. पाळीचं चिन्ह म्हणून आता सगळीकडे लाल थेंब असतो. इमोजीतला थेंब २०१९ मध्ये आला. ‘प्लॅन इंटरनॅशनल यूके’नं त्यासाठी मोहीम चालवली होती. लोकांनी मतदानात आधी निवडली होती डाग पडलेली निकर. ती युनिकोडनं नाकारली, थेंब चालला. नाकारलेल्या चित्रात निदान घालणारीची जागा होती.

असो. मी नवं चित्र करायला घेतलं.

मावशीच्या घरी बसून केलं, तिच्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायकांना दाखवत. आधी साडीतली बाई काढली, तर एक जण म्हणाली, ‘घरात कोन साडी नेसतंय आता? गाऊन घाल तिला.’ गाऊन घातला. दुसरी म्हणाली, ‘वर टॉवेल टाक, नुसत्या गाऊनवर दारात कोन येतं का?’ खांद्यावर टॉवेल आला. चेहरा मावशीनं पास केला. मग स्क्रीनवर बोट दाबून धरलं की गाऊन विरतो, आतलं दिसतं. बोट उचललं की गाऊन परत. टॅप करून उघडायचं आणि टॅप करून बंद करायचं, असं सोपं होतं, पण मग बंद करायला विसरायची सोय झाली असती. कागद पडतो तसं पडायला हवं होतं. गर्भाशय एका रंगात, बीजांडकोश दुसऱ्या. गर्भाशयावर दुसरं बोट ठेवलं की फक्त तेच उजळतं, बीजांडकोश तसेच राहतात.

एक बाई, पस्तिशीची असेल, तिनं बोट ठेवलं आणि लगेच काढलं. आजूबाजूला पाहिलं. मग परत ठेवलं आणि बराच वेळ धरून बसली. तिनं काही विचारलं नाही. मीही नाही.

संस्थेच्या बैठकीत मी हे दाखवलं. सगळ्यांना आवडलं, खोटं कशाला बोलू. पण कार्डं व्हॉट्सॲपवर जाणार होती आणि व्हॉट्सॲपच्या चित्रात दाबून धरायची सोय नसते. देणगीदारांना द्यायच्या अहवालात कार्ड किती वेळा पुढे पाठवलं गेलं हा आकडा जातो, आणि गाऊनमधल्या बाईपेक्षा हसणारा आयकॉन जास्त पुढे जाईल असं सगळ्यांचं मत पडलं. त्यात तथ्य होतं. आधीच्या फेरीत हसणारा आयकॉन खरोखरच भरपूर फिरला होता. शेवटी असं ठरलं की ॲपच्या आत माझी बाई राहील आणि कार्डांवर हसरी पिशवी. फक्त बाराव्या कार्डावरून मी ती काढायला लावली. पिशवी काढावी की नाही याबद्दल प्रश्न विचारायला सांगणाऱ्या कार्डावर काढलेली पिशवी नको, एवढंच म्हटलं. तिथे आता दोन प्रश्न मोठ्या अक्षरांत आहेत: ‘औषधांनी बरं होईल का?’ आणि ‘बीजांडकोश ठेवणार का?’ चित्र नाही.

ॲप किती जणींनी उतरवलं याचा आकडा लहान आहे. कार्डांचा मोठा आहे. म्हणजे माझं जास्त पाहिलं गेलेलं चित्र अजूनही तेच आहे, ‘फायनल_३’.

गेल्या दिवाळीत मावशीनं ॲप उघडून पुन्हा त्या बाईवर बोट दाबून धरलं. चष्मा लावून नीट बघितलं. म्हणाली, ‘हे झालं ज्यांची हाय त्यांच्यासाठी. माझ्यासारखीचं काढ की. आत आता काय हाय माझ्या?’

मी पाहिलेल्या एकाही पुस्तकात, तक्त्यात, कार्डात ते चित्र नाही. सगळीकडे ऑपरेशनच्या आधीचं शरीर आहे. मी एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, पोकळी राहत नाही, आतडी खाली सरकतात आणि जागा भरून काढतात, लघवीची पिशवी आपल्या जागी असते, योनीचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं. मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती ‘शिवून’ या शब्दावर थांबली. टाके कसे घालतात, आडवे की उभे, विचारायला लागली. ते मला माहीत नव्हतं.

‘विचारून घे,’ ती म्हणाली, ‘आन् मग काढ. गाऊन निळा घे माझा.’